सांगलीपासून १० किलोमीटरच्या आतली द्राक्षशीतगृहे: क्वेरी इतकी का रखडते?

बहुतेक वेळा दोष एका ओळीत असतो: क्वेरीच्या व्हेअरमध्ये, म्हणजे अटीच्या भागात, एसटी_डिस्टन्सने अंतर काढून ते १०००० मीटरपेक्षा कमी आहे का, हे तपासलेले असते. मग पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशा-माहितीसाठीची जोड) टेबलातल्या प्रत्येक ओळीचे अंतर मोजत बसते. जिस्ट इंडेक्स (स्थानावरून पटकन शोधण्याची सूची) असूनही त्याला हात लागत नाही. त्याजागी एसटी_डीविदिन वापरा. ते आधी इंडेक्सवरून चौकटीतले बिंदू वेचते आणि तेवढ्यांचेच नेमके अंतर मोजते.

स्थानाचा कॉलम जिओग्राफी (पृथ्वीच्या गोलावरचे स्थान) प्रकारचा ठेवा, म्हणजे अंतर मीटरमध्ये. ४३२६ (अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या पद्धतीचा क्रमांक) च्या जिओमेट्रीत, म्हणजे सपाट प्रतलावरच्या प्रकारात, एकक अंश असते. तिथे १०००० लिहिले तर अख्खे टेबल परत येते. कॉलम जिओमेट्री आणि क्वेरीत जिओग्राफीचा कास्ट (प्रकार बदलणे), असे असेल तर इंडेक्सही त्या कास्टवरच बांधावा लागतो. हे फार जणांचे निसटते.

बिंदू लिहिताना आधी रेखांश, मग अक्षांश: सांगलीसाठी ७४.५८, १६.८५. उलटे लिहिले की सांगली नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.

पोस्टजीआयएस नसलेल्या साध्या डेटाबेसात चौकट हाताने आखा: इथे १० किलोमीटर म्हणजे अक्षांशात सुमारे ०.०९०, रेखांशात ०.०९४ अंश. कोपऱ्यांतले, १० किलोमीटरपलीकडचे बिंदू नंतर गाळा.

इंडेक्स झाल्यावर ॲनालाइझ (टेबलाची आकडेवारी ताजी करणे), मग एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार ते पाहणे). मोठ्या टेबलावर अजूनही सीक्वेन्शियल स्कॅन (ओळीमागून ओळ वाचणे) दिसला, तर आधी तो कास्टच तपासा.