आमची वाटचाल : माळ्यावरचे सतरा रेडिओ

आमचं दुकान १९७८ सालचं. जळगावला आकाशवाणी केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर दोन वर्षांनी नाना आणि मी दाणा बाजाराजवळच्या एका गल्लीत दहा बाय आठचा गाळा भाड्याने घेतला. मी एकोणीस वर्षांचा, नाना माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. माझ्याकडे वडिलांनी दिलेले पैसे होते, नानांकडे हात होता. ते भुसावळला एका रेडिओवाल्याकडे वयाच्या चौदाव्या वर्षापासून बसत. तेव्हा रेडिओचं लायसन्स पोस्टात भरावं लागे आणि काही गिऱ्हाइकं रेडिओबरोबर ते पुस्तकही घेऊन यायची, जणू डॉक्टरकडे जुने कागद दाखवायचे आहेत.

रावेर, यावल, चोपडा, एरंडोल, पाचोरा, सगळीकडून माणसं रेडिओ काखेत मारून यायची. मर्फी, बुश, फिलिप्स. तक्रार बहुतेकांची एकच, जळगाव बरोबर बसत नाही. आता 'बसणं' म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण नानांचा हात कसा चालायचा ते लिहितोच, कारण तसं काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतकेही उरले नाहीत. अलाइनमेंटला, म्हणजे केंद्र डायलवर नेमक्या जागी स्वच्छ लागेल असं जुळवायला, लोखंडी स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, तो जवळ नेला की कॉइल बदलते आणि बाजूला केला की पुन्हा सरकते. नानांनी विणकामाची प्लास्टिकची सुई फरशीवर घासून तिचं टोक चपटं केलं होतं. ती शर्टाच्या खिशाला पेनसारखी लावलेली असे. डायलच्या खालच्या टोकाला फेराइट रॉडवरची (आतल्या एरियलच्या कांडीवरची) कॉइल नखाने केसभर सरकवायची, वरच्या टोकाला ट्रिमर, म्हणजे बारीक जुळणीचा स्क्रू, त्या सुईने फिरवायचा, मग पुन्हा खाली, पुन्हा वर. जुळणीसाठी ठरावीक सिग्नल सोडणारं यंत्र, सिग्नल जनरेटर, आम्ही पुढे घेतलं, पण नाना शेवटी कानावरच भरवसा ठेवायचे. जळगावच्या ९६३ किलोहर्ट्झवर निवेदकाचा आवाज भरून आला की मेणबत्तीचे दोन थेंब कॉइलवर पाडायचे आणि म्हणायचे, "बसला." त्या सुईवर आमचा संसार उभा राहिला. ती आजही माझ्या गल्ल्यात आहे.

सावद्याकडचे एक आप्पा १९८१ मध्ये आमच्याकडून दोन बँडचा ट्रान्झिस्टर घेऊन गेले. केळीचे बागायतदार. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाताना तो रेडिओ त्यांच्या खांद्याला. दर वर्षी दसऱ्याच्या आधी तो दुकानात यायचा, डायलची दोरी बदलायला, व्हॉल्यूमचा कंट्रोल पुसायला, सेलच्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज खरवडायला. बरोबर केळीची एक फणी. (रेडिओ महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. हे मी चाळीस वर्षं सांगतोय आणि चाळीस वर्षं गंज खरवडतोय.) आप्पांनी दुसरा रेडिओ कधी घेतला नाही, पण त्यांच्या गावातून आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आप्पांचं नाव सांगत यायचं.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टीव्ही आला, टेपरेकॉर्डर आला, एफएम आलं, मोबाइल आला. दोन मुलींची लग्नं झाली, गाळा मालकीचा झाला.

आता २०१६ बद्दल लिहितो. हे अजून मनातून गेलेलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात मुंबईहून एका वितरकाचा फोन आला. डिजिटल रेडिओ येतोय, खानदेशाची एजन्सी तुम्हालाच द्यायची ठरवली आहे, एकदा येऊन बघा. एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही वीस-पंचवीस दुकानदार बसलो होतो. टेबलावर सेट. बटण दाबलं आणि मिडियम वेव्हवर गाणं लागलं, खरखरीचा एक कण नाही. पडद्यावर केंद्राचं नाव, खाली कार्यक्रमाचं. अडतीस वर्षं मी खरखरीशी झगडत होतो. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. आकाशवाणीने देशभरात पस्तीसच्या आसपास मिडियम वेव्ह ट्रान्समीटर या डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) नावाच्या डिजिटल पद्धतीला लायक करून ठेवले होते. हे खरं होतं आणि तेच ते सांगत होते. फक्त त्या यादीत जळगाव नव्हतं, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नंतर तो प्रतिनिधी इंग्लंडात हे कसं खपवलं ते सांगू लागला. तिथे रेडिओवाल्यांनी एकत्र येऊन डिजिटलची जाहिरात केली. २०१३ मध्ये डी लव्ह नावाचं एक गाणारं पात्र काढलं. जो सेट पुढेही चालेल त्याच्यावर बरोबरची खूण लावली, म्हणजे गिऱ्हाइकाला काउंटरवर शंका राहू नये. त्याआधी २०१० मध्ये जुने रेडिओ जमा करून घेण्याची मोहीम केली. जुना द्या, नव्या डिजिटलवर सूट घ्या, चालू हालतीतले जुने सेट आफ्रिकेत पाठवू. मला ही कल्पना फार आवडली. तुम्हीही अशी योजना करा, असं तो म्हणाला.

नाना म्हणाले, "आधी एक सेट आण. आपल्या गच्चीवर तीन दिवस वाजवू. मग बघू." तेव्हा नाना सत्तरीच्या जवळ होते, मला वाटलं वयामुळे बिचकताहेत. मी चाळीस सेट उचलले. डीलर भावाने नऊ हजारांचा एक, म्हणजे तीन लाख साठ हजार. दीड लाख पतसंस्थेचं कर्ज, बाकी बायकोच्या पाटल्यांवर. आमच्या गावात सोन्यावर पैसे उभे करायला वेळ लागत नाही. नाना त्या दिवशी सुई खिशातून काढून टेबलावर ठेवून घरी गेले आणि दिवाळी झाली तरी दुकानात आले नाहीत.

माल दिवाळीच्या आधी आठ दिवस आला. मी दुकानासमोर मंडप घातला, फलक लावला: जुना रेडिओ द्या, डिजिटलवर हजार रुपये सूट. माणसं थांबायची, हातात घ्यायची, पहिला प्रश्न विचारायची, "जळगाव लागतं का?" लागत होतं. पण जुन्याच पद्धतीने, खरखरीसकट, कारण जळगावच्या ट्रान्समीटरमधून डिजिटल निघतच नव्हतं. नऊ-दहा हजारांचा सेट आणि आवाज तोच, उलट आमच्या नानांनी बसवलेल्या जुन्या सेटपेक्षा थोडा पातळच. दिवसा मुंबई, अहमदाबाद इतक्या लांबून पोचत नाही. आणि सूट तर कुणालाच नको होती. धरणगावची एक बाई मर्फीचा मोठा सेट घेऊन आली, फलक वाचला आणि सेट पदराखाली घेतला. म्हणाली, "हा सासऱ्यांचा आहे. दुरुस्त करायला आणलाय, द्यायला नाही." चाळीस दिवसांत एकही जुना रेडिओ जमा झाला नाही. त्यात ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. अकरा सेट विकले गेले, तेही ओळखीवर. त्यातला एक आप्पांनी घेतला, मला अडचण आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणून.

डिसेंबरात आप्पांचा निरोप आला, एकदा मळ्यात ये. मी मोटारसायकलवर गेलो. रात्रीची लाइट आली होती, मोटार चालू होती, बागेत गारठा. पंपाच्या खोलीबाहेर बाजेवर नवा सेट ठेवलेला. रात्री मिडियम वेव्ह लांबवर जाते हे आप्पांना माझ्याइतकंच ठाऊक. मुंबई लागलं, पडद्यावर नाव आलं, आणि दोन-तीन मिनिटं आवाज असा की गाणारा बाजेवर येऊन बसला. मग एकदम काहीच नाही. बंदही पडला नव्हता, पडद्यावर अक्षरं तशीच. अर्ध्या मिनिटाने पुन्हा गाणं, पुढच्या कडव्यावर. पुन्हा शांत. आप्पा म्हणाले, "याच्यात खरखर नही भो, पन मानूस बी नही." त्यांनी खोलीतल्या खुंटीवरचा आपला जुना ट्रान्झिस्टर आणला, थोडा आडवा फिरवला आणि मुंबईच लावलं. आवाज बारीक, मागे खरखर, वर-खाली होत होता, पण शब्द तुटत नव्हता. आम्ही दोघं बराच वेळ ते ऐकत बसलो.

यातली गोष्ट अशी आहे. जुन्या पद्धतीत लाट कमजोर झाली की आवाज कमजोर होतो, कान बाकीचं भरून घेतो. डिजिटलमध्ये आकडे येतात. पुरेसे आले तर आवाज स्वच्छ, थोडे कमी पडले की सगळं गप्प. शिवाय एकाच ट्रान्समीटरवरून जुनं आणि डिजिटल शेजारी शेजारी सोडलं की डिजिटलच्या वाट्याला शक्ती कमी येते, त्यामुळे त्याचा पल्ला आणखी आखूड. बॅटरीचंही तसंच. आप्पांच्या ट्रान्झिस्टरला सेल दोन-तीन महिने पुरायचे, नव्या सेटला रोज चार्जिंग. ज्याच्या घरी लाइट केव्हा येईल याचा भरवसा नाही, त्याच्यासाठी ही लहान बाब नाही. यातलं काहीच त्या हॉलमध्ये कुणी बोललं नाही.

मी अकराही गिऱ्हाइकांच्या घरी गेलो. दहा जणांचे पैसे परत केले, पूर्ण. आप्पांनी घेतले नाहीत. "तुह्या दुकानाची आठवन म्हनून राहू दे," म्हणाले. वितरकाने माल परत घ्यायला नकार दिला, नंतर फोन उचलणंही सोडलं. आणि आमच्याच गल्लीतल्या एका मोबाइलवाल्याने गावभर पसरवलं की मी डुप्लिकेट माल विकला. डुप्लिकेट नव्हता. सेट उत्तम होते, आजही उत्तम आहेत. हा शब्द मला तीन लाखांपेक्षा जास्त लागला आणि अजून लागतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

पुढचं दीड वर्ष हप्ते भरण्यात गेलं. जानेवारीत नाना परत आले. एक शब्द बोलले नाहीत, सुई खिशाला लावली आणि बसले. त्यांनीच मार्ग काढला: जिथे डिजिटल लागतं तिथे सेट पाठव. मुंबईत आणि पुण्यात ट्रान्समीटर होते, माझा मेहुणा पुण्याला. चार हजारांना एक या भावाने बावीस सेट गेले आणि तिथून एकही तक्रार आली नाही. बाकीचे सतरा माळ्यावर आहेत. बाकी कर्ज फिटलं ते जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीवर आणि भजनी मंडळांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर. पाटल्या २०१९ मध्ये सोडवल्या.

नाना लॉकडाऊन संपल्यावर गेले.

मी डिजिटलच्या विरोधात नाही. त्यानंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं. इंग्लंडात बीबीसीने सिक्स म्युझिक हे केंद्र २००२ मध्ये फक्त डिजिटलवर काढलं. २०१० मध्ये ते बंद करायचं घाटत होतं, तेव्हा श्रोत्यांनीच आरडाओरडा करून ते वाचवलं. नवा सेट घ्यायला माणसाकडे कारण होतं, दुसरीकडे न मिळणारं काहीतरी त्यावर लागत होतं. तरीही तिथे डिजिटल ऐकणं निम्म्यावर जायला २०१८ उजाडलं, आणि एफएम किमान २०३० पर्यंत चालू ठेवायचं ठरलं. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद केलं, जानेवारीत उत्तरेकडच्या नूरलान्नपासून सुरुवात करून डिसेंबरपर्यंत, तेही बहुतेक लोकांना नको असताना. पण आधी डोंगराडोंगरांत ट्रान्समीटर उभे केले, मग जुनं बंद केलं. आमच्याकडे आधी फलक आला.

जे दुकानदार हे वाचत असतील त्यांना सांगतो. नवीन वस्तू उधारीवर घेऊ नका. कंपनीच्या हॉलमधला आवाज हा त्या हॉलचा आवाज असतो, सेट आपल्या गच्चीवर दिवसा आणि रात्री वाजवून बघा. एलईडी बल्ब आणि स्वस्त चार्जर रेडिओला अडथळा करतात, ते बंद करून बघा, मग चालू करून बघा. गिऱ्हाइकाच्या जुन्या रेडिओला त्याच्यासमोर नावं ठेवू नका. आणि दुकानात तुमच्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस असेल तर मोठा चेक फाडण्याआधी त्याला विचारा.

आता नव्या गाड्यांत डीआरएम येतं. गाडीवाले विचारायला येतात की पडद्यावर ही तीन अक्षरं कसली. मी सांगतो, मुंबईला जाल तेव्हा लावून बघा. २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) खासगी केंद्रांसाठी डिजिटल रेडिओची शिफारस केली, ती तेरा मोठ्या शहरांसाठी. त्यात पुणे आहे, नागपूर आहे. आमच्या बाजूचं कुणी नाही. आमचे श्रोते हट्टी आहेत, नवं घेत नाहीत, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ज्यांच्या पायरीपर्यंत सिग्नल आला नाही त्यांना हट्टी कसं म्हणायचं? फोनवर आकाशवाणीचं अ‍ॅप टाकून द्या म्हणून साठीच्या बाया दुकानात येतात. मी टाकून देतो, पैसे घेत नाही.

गेल्या दिवाळीआधी दुसऱ्याच एका कंपनीचा तरुण आला होता. चांगला मुलगा, अभ्यास केलेला. नवीन डिजिटल सेट, एजन्सी, मंडप, सगळं तेच. मी त्याला माळ्यावरचे सतरा डबे दाखवले. मग म्हटलं, तुमचा एक सेट घ्या आणि माझ्याबरोबर सावद्याला चला. आप्पा आता नाहीत, पण मुलगा बाग करतो आणि पंपाच्या खोलीत तो ट्रान्झिस्टर अजून खुंटीला आहे. तीन रात्री बसू. वाजला तर शंभर सेट उचलतो, रोख. त्याने वहीत गावाचं नाव लिहून घेतलं, साहेबांना विचारून तारीख कळवतो म्हणाला. मी वाट बघतोय.