अष्टमीची वाळू

मंगळवार, रात्री साडेनऊ.

रत्नागिरीत परतून दोन दिवस झाले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत आणि जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो. जैसलमेरच्या वाळूत बेचाळीस किलोमीटर धावून आले, हे लिहिताना हात थोडा थांबतो. विसरायच्या आत सगळं लिहून ठेवायचं आहे.

सुरुवात आप्पांपासून करते. सासरे कधी शर्यत धावलेले नाहीत, पण माझ्या सरावाचं वेळापत्रक त्यांनीच केलं. मी मे महिन्यात घरात सांगितलं तेव्हा त्यांनी कालनिर्णय काढला आणि विचारलं, "तुला मऊ वाळू हवी की घट्ट?" त्यांचा हिशोब जुना, खलाशांचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला ओहोटी. तेव्हा भाट्याच्या किनाऱ्यावर ओली, फरशीसारखी वाळू मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पहाटे समुद्र भरतीला असतो आणि धावायला उरते ती फक्त वरची कोरडी, पाय गिळणारी वाळू. "वाळवंटात ओहोटी नसते," आप्पा म्हणाले. "तू अष्टमीला धाव."

म्हणून पाऊस सरल्यावर महिन्यातल्या दोन्ही अष्टम्या आणि त्यांच्या आगेमागेचे दिवस माझे झाले. भाट्याचा किनारा दीड किलोमीटरच्या आसपास. पंचवीस किलोमीटर करायचे तर तिथल्या तिथे किती फेऱ्या होतात ते मोजत बसले असते तर सोडूनच दिलं असतं. मऊ वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त ताकद लागते, आणि ते पोटऱ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. दोघी मैत्रिणी आळीपाळीने सुरूखाली पाण्याची बाटली घेऊन बसायच्या. एकीची शाळा सातची, ती गणवेश तपासायला तशीच वाळूच्या पायांनी जायची.

आणि भाऊजी. शर्यत जानेवारीत, म्हणजे ऐन मोहोरात. आंब्याची बाग असलेल्या घराला जानेवारीत गाव सोडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दोन दिवस मळभ आलं की तुडतुडा वाढतो, फवारणी एक दिवस चुकली तर मोहोर काळा पडतो. मी जायचं ठरलं होतं, पण हे, लेक, आप्पा सगळेच यायचं म्हणाले तेव्हा मला धास्तीच वाटली. भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "तुम्ही सगळी जा. कलमं मी बघतो." पुढे त्यांनी भाताला ताक मागितलं. विषय तेवढाच झाला.

मरुसागर एक्सप्रेसने निघालो. मरू आणि सागर, दोन्ही एकाच गाडीच्या नावात! लेकीने ते पाटीवर वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जयपूरला उतरून पुढे जैसलमेर.

पहाटेची थंडी मला नवीन होती. आपल्याकडे समुद्र रात्रभर ऊब धरून ठेवतो, तिथे कोरड्या हवेत वाळूची ऊब रात्रीच उडून जाते. बोटं वाकत नव्हती. नऊनंतर ऊन पाठीवर बसलं. पण घाम कुठे दिसेना. भाट्याला माझा शर्ट पिळून काढावा लागतो, इथे तो कोरडाच, नुसत्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. निघताना भाऊजींनी एकच गोष्ट सांगितली होती, "वहिनी, तहान लागायची वाट बघू नका." बागेत उन्हात राबणाऱ्या माणसाचं ते शहाणपण. मी दर वीस मिनिटांनी घोट घेत राहिले. कोकमाचं आगळ, मीठ घातलेलं. खिशात आंब्याच्या साठाच्या पट्ट्या.

सगळं वाळवंट वाळूचं नसतं. बराच भाग खडे आणि खुरटी झुडपं. एका पाणीवाटपाच्या ठिकाणी सावलीला झाड होतं, तिथला मुलगा म्हणाला, खेजडी. म्हणजे आपली शमी. दसऱ्याला पुजतो ती. मी खोडाला हात लावून पुढे गेले. टेकड्या लागल्यावर कळलं, वाऱ्याकडचा उतार घट्ट आणि पलीकडचा घसरता. आपल्याकडे वाळू पाणी घट्ट बसवतं, तिथे ते काम वारा करतो.

अठ्ठावीसच्या पुढे माणूसच दिसेना. पुढच्या बाईचा लाल शर्टही टेकडीआड गेला. कानात फक्त माझा श्वास आणि वाळूची करकर. समुद्राचा आवाज नसलेली जागा मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती, हे तेव्हा ध्यानात आलं. मला रडू आलं. उजवी पोटरी आवळली होती, मी चालायला लागले, मग बसलेच.

चौतीसव्या किलोमीटरला घरची माणसं जीपने येणार होती. तिथपर्यंत कशी पोचले ते नीट आठवत नाही. आठवतो तो आवाज. आधी वाटलं भास आहे. टेकडीवर आप्पा उभे, डोक्याला उपरणं, हात जोडलेले, आणि खणखणीत गाऱ्हाणं चाललेलं, "बा देवा म्हाराजा, आज ही आमची सून तुझ्या वाळूत आलीय..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पायाला बळ दे, तिची वाट सोपी कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

हे, लेक, दोघी मैत्रिणी, आणि त्यांच्या मागे ढाणीतली, म्हणजे तिथल्या वाडीतली, पाच-सहा पोरं. त्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण "म्हाराजा" मात्र तीच सगळ्यांत मोठ्याने म्हणत होती. शहात्तर वर्षांचे आप्पा शिमग्यात पालखीपुढे उभे राहतात तसे उभे होते. यांनी थर्मासमधली उकड्या तांदळाची पेज पुढे केली. मी उभ्यानेच प्यायले. कुणी "थांब" म्हटलं नाही, कुणी "जमेल" असंही म्हटलं नाही. लेकीने फक्त माझ्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

पुढचे आठ किलोमीटर मी धावले. हळू, पण धावले. सात तास अकरा मिनिटं.

शेवटी यांनी फोन कानाला लावला. भाऊजींचा सकाळी पाठवलेला निरोप होता, मागे पंपाचा आवाज. "वरच्या कलमांना चांगला मोहोर धरलाय. इथली काळजी नको." शर्यतीबद्दल एक अक्षर नाही. मी तो तिथे वाळूत बसून तीनदा ऐकला.

आज संध्याकाळी बागेत गेले. मोहोराचा वास पायवाटेपर्यंत येतो आहे. भाऊजींचे हात फवाऱ्याने पिवळे झालेत, डोळे लाल. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "पाणी नीट प्यायलात ना?"

उद्या पहाटे खालच्या कलमांची फवारणी आहे. नळी मी ओढणार, तसं त्यांना सांगून ठेवलंय. गजर पाचचा लावला.