ॲडेनियमचा पावसाळा

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या कामांत आमच्याकडे आता एक काम वाढलंय. लाकडं आत घेणं, पडवीला झापं बांधणं, सुकी मासळी डब्यात भरणं, आणि ॲडेनियमच्या, म्हणजे जाड बुंध्याच्या त्या फुलझाडाच्या कुंड्या हलवणं.

पहिल्या वर्षी हे माहीतच नव्हतं. तीन झाडं आणली आणि जास्वंद लावतो तशीच लाल मातीत शेणखत घालून लावली. मे महिन्यात भरभरून फुलली. मग श्रीवर्धनचा पाऊस सुरू झाला, कुंड्या खळ्यातच राहिल्या आणि जुलैत दोन झाडं गेली. वर पानं हिरवीगार, आत बुंध्याचं पाणी झालेलं. मनाला फार लागलं.

तिसऱ्याचा बुंधा मी रोज दाबून बघायला लागले. एका सकाळी मातीलगत अंगठा आत गेला, बरक्या फणसात जावा तसा. आंबूस वास आला. शेजारचे दादा सुपारीचे बागायतदार. ते म्हणाले, "वहिनी, कापा. सडका भाग ठेवलात तर उरलेलंही जाईल."

झाड उपटून मुळं धुतली, सुरी स्पिरिटने पुसली. हातमोजे घातले, कारण याचा चीक विषारी. आफ्रिकेत शिकारीच्या बाणांना लावत असत. बिलबिलीत भाग कापत गेले, दर कापाला सुरी पुसत. शेवटी एक तपकिरी ठिपका उरला. तिथे थांबावंसं फार वाटलं, पण सड त्या ठिपक्यातूनच परत पसरते. आणखी बोटभर कापलं, तेव्हा मुळ्यासारखा पांढरा, कडक गर लागला. निम्मा बुंधा गेला होता.

दादांकडे सुपारीवरच्या कोळेरोगाच्या (बुरशीच्या रोगाच्या) फवारणीसाठी आणलेला मोरचूद आणि चुना होता. त्याचीच घट्ट बोर्डो पेस्ट त्यांनी करून दिली. ती लावून झाड सुतळीने चुलीपासून हातभर लांब उलटं टांगलं. कोरड्या हवेत असा घाव आठवड्यात सुकतो, आमच्या दमट हवेत दोन आठवडे गेले. आई रोज विचारायच्या, "सुकला का गं घाव?"

मग लावलं ते जांभ्याची बारीक खडी, नदीची जाड रेती आणि थोडं पालापाचोळ्याचं खत यांत. समुद्राची वाळू नाही, तिच्यात मीठ. कोकोपीटही नाही, ते पाणी धरून बसतं. आठ दिवस थेंबभर पाणी दिलं नाही. श्रावण सरता सरता पहिलं पान फुटलं.

हे झाड आफ्रिका-अरबस्तानातल्या कोरड्या भागातलं, पाणी बुंध्यात साठवणारं. थंड देशांत ते हिवाळ्यात घरात घेऊन कोरडं ठेवतात. आमचा हिवाळा त्याला सोसतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस सोसत नाही.

म्हणून आता मे संपायच्या आत कुंड्या मागच्या, पूर्वेकडच्या पडवीत जातात, कारण झड नैर्ऋत्येकडून येते. खाली दोन चिरे, बशी नाही. माती पूर्ण कोरडी आणि बुंधा किंचित मऊ, असं दोन्ही असेल तरच कपभर पाणी. उजेड कमी म्हणून पानं गळतात, ती गळू द्यायची. खत घालायचं नाही. श्रावणातल्या उन्हाला भुलून बाहेर काढायचं नाही. दसऱ्यानंतर रोज थोडं थोडं ऊन दाखवायचं, एकदम ठेवलं तर बुंधा भाजतो.

कापलेल्या झाडाला एका बाजूने खोल वण आहे, त्याच्या वर नवा फुगवटा आलाय. बाहेर रात्रीपासून झड लागली आहे. सकाळी दाबून पाहिलं, कडक आहे.