‘मला चढत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचे समुपदेशन

बारावीत असताना माझा मुलगा गंगापूर धरणाच्या बाजूला मित्राच्या वाढदिवसाला गेला, तिथे दारू प्यायला, रात्री स्वतःच्या पायांनी घरी आला, आमच्याशी बोलला, दहीभात जेवला आणि सकाळी यातले काहीच त्याला आठवेना. त्याला रागावण्याआधी मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन केला आणि त्यांच्या सल्ल्याने आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

कॉलेज रोडवरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बसवले, मुलाशी एकट्याने बोलून त्याच्याकडून दारूच्या सवयीविषयीची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली भरून घेतली आणि रक्ततपासणी लिहून दिली. त्याला दाखल करण्याची गरज नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, कारण त्यामुळे झटके येऊ शकतात, हे त्यांनी बजावून सांगितले.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे मेंदूची आकृती काढली. नवी आठवण पक्की करणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे काम दारूमुळे बंद पडते, तरी माणूस चालत-बोलत राहतो. म्हणून ती रात्र विसरलेली नव्हती, तिची नोंदच झालेली नव्हती. “पण मला इतरांपेक्षा कमी चढते,” असे चिरंजीव थोड्या ऐटीतच म्हणाले. त्यावर डॉक्टरांनी सांगितले की, प्रयोगांत किशोरवयीन उंदीर प्रौढ उंदरांपेक्षा कमी पेंगतात, त्यांचा तोलही कमी जातो, पण त्यांच्या शिकण्यावर आणि स्मरणावर दारूचा आघात अधिक होतो. म्हणजे थांबवणारी झोप उशिरा येते आणि नुकसान आधी होते. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. (महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षेच आहे.) ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ असे द्राक्षांच्या आमच्या नाशकात सर्रास ऐकू येते, पण मेंदूपर्यंत जाते ते दारूतले तेच इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल.

पुढची सत्रे समुपदेशक ताईंकडे झाली. त्यांनी नकार द्यायचा अक्षरशः सराव करून घेतला. ‘आई रागावेल’ हे कारण मित्रांपुढे टिकत नाही, असे मुलाने सांगितल्यावर ‘सकाळी क्लासची टेस्ट आहे’ हे वाक्य ठरले. एका सत्राला माझ्या यजमानांनाही बोलावले. दिवाणखान्यातल्या कपाटातील बाटल्या हलवा, असे ताई म्हणाल्या, तेव्हा ते बरेच कुरकुरले, पण त्या रविवारी कपाट रिकामे झाले.