पडवीला पारदर्शक छप्पर: आधी रंग ठरवा, मग जाडी

इंग्लंडात घराला काचेची खोली जोडतात ती ऊब धरून ठेवायला. पुण्यात तशीच खोली बांधली की एप्रिलमध्ये तिची भट्टी होते. त्यामुळे आपल्याकडे छपराचं मटेरियल निवडताना पहिला प्रश्न उन्हाचा. पाऊस त्यानंतर, आणि दिसण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

दुकानात सहसा जाडी सांगून माल विकतात: ‘10 मिमी घ्या, गरम होणार नाही.’ हे अर्धसत्य आहे. मल्टिवॉल (अनेक पदरी) पॉलिकार्बोनेट, म्हणजे कडक प्लास्टिकचं शीट, आतून पोकळ असतं. तापलेल्या पत्र्यातून येते तशी उष्णता ती पोकळी खाली येऊ देत नाही, पण पारदर्शक शीटमधून ऊन थेट आत शिरतं आणि फरशी तापवतं. ते जाडीने थांबत नाही, रंगाने थांबतं. आमची पसंती दुधी, म्हणजे ओपल शीटला. ब्रॉन्झ (तपकिरी) दिसायला छान, पण ते ऊन स्वतःच पितं आणि स्वतःच तापतं. शिवाय छपराच्या वरच्या टोकाला, भिंतीलगत, 15–20 सेंमी उंचीची जाळी किंवा लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचा झरोका) हवाच. गरम हवेला वाट दिली नाही तर कुठलंही शीट घ्या, उकडणारच.

4 मीटर रुंद आणि 2.7 मीटर खोल पडवी धरू. उतार 10 अंश ठेवला तर मागची बाजू साधारण 48 सेंमी उंच घ्यावी लागते. 5 अंशांवरही काम भागतं, पण धूळ साचते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून शीट 10 सेंमी पुढे काढलं की उतारावरच्या तुकड्याची लांबी होते 2.84 मीटर. इथे एक सोय आहे. बाजारात 2.1 × 5.8 मीटरचं शीट मिळतं (20 फुटी कंटेनरमध्ये मावावं म्हणून ही लांबी). ते मधोमध कापलं की 2.9 मीटरचे दोन तुकडे, आणि तेच उभे चिरले की चार. अख्खं छप्पर एका शीटमध्ये! पडवी 20 सेंमी जास्त खोल काढली की हा हिशोब मोडतो आणि दुसरं शीट आणावं लागतं.

10 मिमी दुपदरी शीटचं वजन चौरस मीटरला सुमारे 1.7 किलो, म्हणजे सगळं मिळून 20 किलोच्या आत. याच जागेवर 6+6 लॅमिनेटेड काच (6 मिमीच्या दोन काचा, मध्ये चिकट फिल्म) बसवली तर साडेतीनशे किलोच्या वर जाते. सांगाड्याचा खर्च या आकड्यावर ठरतो.

काच हवीच असेल तर डोक्यावर नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) काच कधीच नको. तिच्यात निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर ती महिन्यांनी, वर्षांनीही आपोआप फुटते आणि खडे खाली कोसळतात. लॅमिनेटेडच घ्या. दोन्ही थर टफन्ड असले आणि दोन्ही फुटले, तर मधली फिल्म ओल्या गोधडीसारखी लोंबते. निदान एक थर हीट-स्ट्रेंग्थन्ड (टफन्डपेक्षा कमी कडक, मोठ्या तुकड्यांत फुटणारा) घेतला की तुटलेली काचही जागेवर धरून राहते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकंही पाडता येत नाहीत, म्हणून मापं सांगाडा उभा राहिल्यावरच घ्या. कोकणात माडाखाली काचेचा विचारच नको. तिथे 4 मिमी भरीव पॉलिकार्बोनेट बरं, आणि स्क्रू 316 ग्रेड स्टेनलेसचे.

शीट खराब निघण्यापेक्षा चुकीचं बसवलेलं जास्त आढळतं. आतल्या नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात. आडव्या बसवल्या की पाणी आत साचून शेवाळ धरतं. वरच्या टोकाला बंद ॲल्युमिनियम टेप, खालच्या टोकाला हवा जाऊ देणारी छिद्रांची टेप आणि त्यावर यू-पट्टी. शीटवरच्या संरक्षक फिल्मवर छापील खूण असलेली बाजू आकाशाकडे. यूव्ही (अतिनील) किरणांपासून वाचवणारा थर तिथेच असतो. उलटं बसलं की शीट पिवळं पडून ठिसूळ होतं. फिल्म मात्र बसवल्याबरोबर काढा, उन्हात ती चिकटून बसते.

थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत 2.84 मीटरचं शीट जवळपास 9 मिमी वाढतं. फॅब्रिकेटर पत्र्यासारखे स्क्रू आवळतो, मग शीट फुगतं, कटकट वाजतं आणि भोकापासून चिरतं. म्हणून शीटला भोकं न पाडता ॲल्युमिनियम पट्टीखाली ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या) रबरात धरा आणि वरच्या टोकाला 10 मिमी जागा सोडा. पीव्हीसी रबर चालत नाही, त्यातलं तेल शीटला तडे पाडतं. सिलिकॉन न्यूट्रल, आंबट वासाचं नको. सांगाड्याच्या एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा रंग पूर्ण वाळल्याशिवाय शीट टेकवू नका. थिनरचा वासही त्याला मानवत नाही. पाइपाची वरची बाजू पांढरी रंगवा, काळा पाइप टेकतो त्या रेषेवर शीट आधी जळतं.

आणि एक: पावसाचा आवाज. मल्टिवॉलवर वळीव आला की खाली बोलणं ऐकू येत नाही. बैठकीची खोली करणार असाल तर काचेचा जास्तीचा खर्च इथे पटतो.