आचारसंहितेतली पेटी

प्रचाराची रिक्षा कायम काळी पाचात, म्हणजे चांगल्या उंच सुरात, गाते. आवाज पुरुषाचा, पट्टी बायकांची, आणि वर कर्ण्याची खरखर. मी आपला खोलीत पेटीवर पांढरी चारात भूप राग घेऊन बसलेला असतो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली की माझा गंधार डळमळतो, आणि ती पाण्याच्या टाकीजवळ थांबली की षड्जसुद्धा आपला राहत नाही. मग भाता सोडून द्यायचा आणि ‘ताई, माई, अक्का’ पुढच्या गल्लीत जाईपर्यंत गप्प बसायचं.

२०२४च्या विधानसभेला असं गप्प बसणं फार झालं. आम्ही साताऱ्याचे, मे महिन्यात लोकसभेचा धुरळा उडून खाली बसतोय तोवर १५ ऑक्टोबरला पुन्हा आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, शिवाय भाजप आणि काँग्रेस. एकेका घरात तीन-तीन पक्ष झालेले. दिवाळीच्या फराळाला कोणाला कोणाशेजारी बसवायचं याचा विचार आमच्या बायकोनं जितका केला, तितका जागावाटपात आघाडी-युतीनंही केला नसेल.

अशा दिवसांत छंद जोपासणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानंच बघतात. आमच्या भाच्यानं घरच्या ग्रुपवर जाहीर विचारलं, “मामा, देश जळतोय आणि तुम्ही पेटी वाजवताय?” मी उत्तर लिहिलं नाही. माझी पेटी बंद झाल्यानं काही विझणार नाही. उलट मी फोन हातात घेतला की रॉकेल ओतणारा एक माणूस वाढणार. बायकोची तक्रार वेगळी होती. ती म्हणाली, “उमेदवार पाच वर्षांतनं एकदा येतो हो. तुमचा भूप रोज येतो.”

त्यात पेटी या वाद्याचं निवडणुकीत हसं व्हायला वेळ लागत नाही. कार्तिकातला एका गावचा भजनाचा कार्यक्रम उरकून रात्री परत येत होतो. शहराबाहेरच्या नाक्यावर तपासणी पथक उभं. रोख पन्नास हजारांच्या वर सापडली तर कागद दाखवावे लागतात, म्हणून प्रत्येक गाडीची डिकी उघडत होते. हवालदारानं काळ्या ट्रंकेवर काठी टेकवली.

“यात काय?”

“पेटी.”

“पेटीत काय हाय ते इचारतोय.”

“पेटीत पेटीच आहे.”

लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणणाऱ्या राज्यात हे उत्तर द्यायचं नसतं. मागच्या सीटवरून बापू, आमचे टाळकरी, पुटपुटले, “खोका म्हणाला न्हाईत हे नशीब.” ट्रंक उघडली, सूर दिसले, हवालदारानं एक बोटानं दाबून बघितला. भाता बंद असल्यानं वाजला नाही. “बिघडलीय का?” म्हणाला. मग रस्त्याच्या कडेलाच त्याला चार ओळी वाजवून दाखवल्या आणि सुटलो. त्याच्या साहेबांनी व्हिडिओग्राफरला कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं, हे माझ्या वादनाबद्दलचं मत होतं की काय, ते कळलं नाही.

खरी गंमत काकड्याला होती. कोजागरी झाली की आमच्या विठ्ठल मंदिरात पहाटे पाचला काकडा सुरू होतो तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा लावायला बंदी, त्यामुळे अख्ख्या दिवसात षड्ज शाबूत राहील असा तेवढाच एक तास. देवळात आम्ही नऊ-दहा जण. पखवाजावर अण्णा. अण्णा एका बाजूचे कट्टर, बापू दुसऱ्या बाजूचे त्याहून कट्टर, आणि दोघं एकमेकांसमोर बसणारे. मंडळाचा नियम जुना आहे: पहिल्या जयघोषापासून पसायदानापर्यंत राजकारण काढायचं नाही. तोंडानं दोघांनीही नियम पाळला. हातानं पाळला नाही. आदल्या रात्री ज्याच्या नेत्याची सभा पडलेली असायची, त्याचा हात दुसऱ्या दिवशी चढा. भजनी ठेका धावायला लागला की अण्णा माझ्याकडे बघायचे.

“पेटीवाले, जरा बेतानं घ्या.”

“मी बेतानंच घेतोय अण्णा. पखवाजच सभेला निघालाय.”

एका पहाटे एक उमेदवारही आले. देवळात प्रचार करता येत नाही, त्यामुळे त्यांनी शब्द काढला नाही. हात जोडले, गंध लावून घेतलं, बापूंच्या हातातले टाळ घेतले आणि डोळे मिटून वाजवू लागले. प्रत्येक टाळ समेच्या अर्धी मात्रा आधी. सोबतचा फोटोवाला गुडघ्यावर बसून सगळ्या बाजूंनी टिपत होता. ते गेल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “सत्तेत लवकर यायची घाई दिसतीय.” उमेदवार अण्णांच्याच बाजूचे होते, हे इथं सांगितलं पाहिजे. त्या दिवसापासून माझा अण्णांवर लोभ वाढला. आपल्या माणसावर ज्याला हसता येतं त्याच्याशी निवडणुकीत बोलता येतं. समोरच्यावर काय, कोणीही हसतं. ते मीम तर सकाळपासून येतच असतात.

वाद्यांचा विषय निघाला की साताऱ्यात तुतारी निघतेच. लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि यंत्रावर त्याच यादीत एका अपक्षापुढे साधी पिपाणी. निकालात पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली आणि तुतारीवाले हरले साधारण पावणेतेहतीस हजारांनी. ती सगळी मतं चुकूनच पडली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण पारावर तेवढं महिनाभर पुरलं. मला वादक म्हणून आश्चर्य वाटलं. एक वाद्य वळणदार, नागमोडी, तोंडाशी धरून वर आभाळाकडे रोखलेलं. दुसरं बँडवाल्याचं सरळसोट. पण मंडपातल्या गोंगाटात, चष्मा घरी राहिलेल्या आजीला, यंत्रावरच्या त्या इवल्याशा चित्रात काय वेगळं दिसणार? निवडणूक आयोगाच्या मुक्त, म्हणजे कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या, चिन्हांच्या यादीत हार्मोनियमही आहे. बासरी, सतार, व्हायोलिन, सगळा ऑर्केस्ट्रा आहे. हे कळल्यावर बापूंना काळजी पडली. “कुणी घेतलं तर तुमची पेटी झाकून ठेवावी लागंल. यूपीत हत्ती झाकलेले.” खरंच आहे, हत्ती हे मायावतींच्या पक्षाचं चिन्ह, म्हणून २०१२च्या निवडणुकीत तिथले हत्तींचे पुतळे झाकले होते. मी म्हटलं, झाकायला माझ्या बायकोची हरकत नसेल.

आता मत कोणाला द्यायचं हे ठरवलं कधी, असं कोणी विचारेल. एका रविवारी दुपारी, चहाबरोबर. उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या साइटवर असतात, ती मुलानं छापून आणली होती. मला हे वाचन भाषणांपेक्षा फार रंजक वाटतं. भाषणात गरीब शेतकऱ्याचं पोर असलेला माणूस शपथपत्रात गट नंबरांची पानंच्या पानं घेऊन येतो. सोनं ग्रॅममध्ये, बायकोचं वेगळं. पतसंस्थेचे शेअर, ट्रॅक्टर, कोणाकडून घेतलेलं हातउसनं. आणि गुन्ह्यांचा तक्ता: कलमं, कोर्ट, तारीख. त्यातलं आंदोलनाचं कलम कोणतं आणि फसवणुकीचं कोणतं, हे मुलानं फोनवर शोधून शोधून समोर पेन्सिलीनं लिहिलं. ते लिहिल्यावर दोन उमेदवार आमच्या डोळ्यांसमोर अदलाबदल झाल्यासारखे झाले. गुन्हे असणाऱ्यांना ते वर्तमानपत्रात तीनदा छापावे लागतात, पण त्या जाहिराती अशा कोपऱ्यात आणि अशा बारीक अक्षरात असतात की हरवलेल्या पासबुकाची नोटीस जास्त उठून दिसते.

मग आम्ही आमचे प्रश्न काढले. उन्हाळ्यात टँकरसाठी फोन केला तेव्हा कोणाच्या ऑफिसात उचलला गेला? सिव्हिल हॉस्पिटलबद्दल कोणी काही बोललं का, की नुसतंच इतिहासावर? बायकोचा एक प्रश्न मला सुचला नव्हता: हा माणूस निवडून आल्यावर याच पक्षात राहील याची खात्री किती? यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, चहा मात्र पुन्हा टाकला गेला. शेवटी कोणी काय ठरवलं ते एकमेकांना सांगितलं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. एवढं मात्र खरं की त्या तासा-दीड तासानंतर रिक्षा, सभा, चॅनेलवरची आरडाओरड यांतून माझ्या निर्णयात भर पडेल असं काही आलं नाही. जे आलं ते फक्त राग आणण्यासाठी होतं. रागाला मी दिवसातून किती वेळ द्यायचा हे माझं मला ठरवता येतं, आणि पेटीला रोज तास लागतोच.

मतदानाच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर गेलो. बटण दाबलं की कागदी चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. मध्य लयीतल्या सोळा मात्रांच्या त्रितालाचं एक आवर्तन साधारण तेवढ्यात बसतं, म्हणून मी मनात मोजत उभा राहिलो. चिठ्ठी पडली तेव्हा मी तेराव्या मात्रेवर होतो. लय थोडी ढिली पडली असणार. शाई डाव्या तर्जनीला. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे पुढचे काही दिवस पेटीच्या क्लासला प्रत्येकाचं लक्ष माझ्या भात्याकडे जात होतं.

२३ तारखेला निकाल लागला. काकडा संपला होता, पण संध्याकाळी सगळे देवळात जमलोच. बापूंची बाजू आली होती. ते, फार आनंद दिसू नये अशा बेतानं, पिशवीतून कंदी पेढ्यांचा बॉक्स काढून मधे ठेवते झाले. सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णांनी एक पेढा घेतला, खाल्ला, थोडं थांबून दुसरा घेतला.

“बापू,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी उमेदवार बदला. दुकान मात्र हेच ठेवा.”