मानवी हक्क संस्थेचा ताळेबंद कोणी वाचायचा?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत माणूस कर्तासवरता झाला की कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचा सभासद होतो. साखर कारखाना, दूध संघ, विकास सोसायटी यांचे वार्षिक अहवाल घरी येतात, ते उघडून वाचले जातात, आणि सर्वसाधारण सभेत ऊसदरापासून गेस्ट हाउसच्या खर्चापर्यंत प्रश्न विचारले जातात. सभा गोंधळात गुंडाळली गेली तरी विचारण्याचा अधिकार आपला आहे, ही जाणीव इथल्या शेतकऱ्यात मुरलेली आहे. माझी नोकरी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीनंतर साताऱ्यातील एका लहान मानवी हक्क संस्थेचे कोषाध्यक्षपद माझ्याकडे आले, तेव्हा सर्वांत मोठा फरक मला हाच जाणवला. धर्मादाय संस्थेला भागधारक नसतात. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने अडवून ठेवलेले ऊसतोड कुटुंब, पुनर्वसनाच्या जमिनीसाठी हेलपाटे घालणारा धरणग्रस्त, ही सारी माणसे संस्थेकडे येतात. पण त्यांच्यापैकी कोणालाही संस्थेच्या सभेत मत नसते, आणि देणगीदाराच्या हातीही पावतीपलीकडे फारसे काही राहत नाही. हिशेब विचारण्याची जबाबदारी त्यामुळे मूठभर विश्वस्तांवर येते. त्यांनी विचारले नाही तर कोणीच विचारत नाही.

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी बहुधा दुहेरी असते. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली किमान सात जणांनी मिळून संस्था स्थापन करायची आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली तीच धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यास म्हणून नोंदवायची, अशी ही रीत आहे. विश्वस्त बदलला, कोणी राजीनामा दिला किंवा कोणाचे निधन झाले, तर कलम 22 नुसार 90 दिवसांच्या आत बदलाचा अहवाल, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. हिशेबाचे वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावे लागते आणि शेड्यूल आठचा ताळेबंद, नऊचे उत्पन्न-खर्च पत्रक व नऊ-सी, म्हणजे वर्गणीस पात्र उत्पन्नाचे पत्रक, जोडून अहवाल सादर करावा लागतो. स्थावर मिळकत विकायची किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम 36 खाली पूर्वपरवानगी लागते. हे सगळे रुक्ष वाटते हे मला मान्य आहे, आणि कार्यकर्त्यांना ते तसे वाटते याचे मला नवलही नाही. ज्याच्या फोनवर रात्री अकराला मारहाणीची खबर येते, त्याला सकाळी इतिवृत्ताच्या वहीत गणपूर्ती झाल्याची नोंद केली का, असे विचारणे कठोर वाटते.

तरीही ते विचारले पाहिजे. रस्ता बांधणाऱ्या किंवा शाळा चालवणाऱ्या संस्थेला सहसा कोणी शत्रू नसतो. मानवी हक्क संस्थेचे काम मात्र कोणाच्या तरी सत्तेला अडवण्याचेच असते, मग तो पोलीस असो, मुकादम असो, जातपंचायत असो किंवा एखादे खाते असो, आणि ज्याला अडवले तो उलट वार करताना तुमच्या मुद्द्याला हात घालत नाही. तो तुमचे कागद मागवतो. परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदीवर, सहा वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्ताचे नाव तसेच असेल, चेंज रिपोर्टवर आदेश झाला नसेल, बँकेतील सह्यांचे अधिकार ठरावाशी जुळत नसतील, तर त्या संस्थेच्या वतीने दावा चालवायचा अधिकार नेमका कोणाला, या वादातच वर्ष निघून जाते आणि मूळ पीडित व्यक्ती वाऱ्यावर राहते.

मानवी हक्कांचे काम हे धर्मादाय काम आहे का, हा प्रश्नसुद्धा दिसतो तितका सोपा नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या जागतिक संस्थेने 1977 साली एक न्यास स्थापन केला होता. त्याच्या उद्दिष्टांत सद्सद्विवेकाच्या कैद्यांची, म्हणजे केवळ मतांमुळे तुरुंगात टाकलेल्यांची, सुटका घडवून आणणे आणि छळाची प्रथा बंद पाडणे यांचा समावेश होता. 1981 साली तिथल्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की कायदा किंवा सरकारचे धोरण बदलायला लावणे हा राजकीय हेतू आहे, आणि म्हणून तो न्यास धर्मादाय ठरत नाही. त्या देशाच्या धर्मादायविषयक कायद्यात मानवी हक्कांचा पुरस्कार हे धर्मादाय उद्दिष्ट म्हणून लिहिले गेले ते 2006 साली. आपल्याकडे 1950 च्या अधिनियमाच्या कलम 9 मध्ये गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्यापुढे सार्वजनिक उपयोगितेच्या अन्य उद्दिष्टांचा उल्लेख आहे आणि आयकर कायद्यातही तसाच शब्दप्रयोग आहे. आमच्यासारख्या संस्था त्याच आधारावर उभ्या आहेत. म्हणून संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टांचे कलम वकिलाकडून आयते उतरवून घेऊ नये. आपण प्रत्यक्ष जे करतो, म्हणजे कायदेविषयक मदत, न्यायालयात साथ, सत्यशोधन अहवाल, ते त्या कलमात शब्दशः असले पाहिजे.

अ‍ॅम्नेस्टीचाच आणखी एक दाखला मी विश्वस्तांपुढे नेहमी ठेवतो. 2009 च्या अखेरीस पद सोडलेल्या तत्कालीन महासचिवांना संस्थेने 533,103 पौंड दिले, हे 2011 साली उघडकीस आले. ही रक्कम त्यांच्या वार्षिक वेतनाच्या सुमारे चौपट होती. करार गोपनीय होता. जगभरातील सामान्य सभासदांच्या लहान लहान वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत हे घडल्यामुळे सभासद दुखावले आणि बाहेर अतिशय वाईट चर्चा झाली. एका व्यक्तीच्या हावेची गोष्ट म्हणून मी हे सांगत नाही. कार्यकारी प्रमुखाच्या सेवाशर्ती, निरोपाची रक्कम आणि मतभेद झाल्यास मार्ग कोणता, हे नियामक मंडळाने आधी लिहून ठेवले नाही, तर प्रसंग आल्यावर घाईघाईने बंद दाराआड ठरवावे लागते, हा त्यातील शासनव्यवहाराचा भाग आहे. आमच्या संस्थेत रकमा फारच लहान आहेत, परंतु दोष त्याच जातीचा होऊ शकतो.

आता पैशाकडे येतो. आमच्यासारख्या संस्थेला पैसा कमी मिळतो हे खरे, पण मिळतो तोही बहुतेक वेळा नको त्या कप्प्यात मिळतो. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली होती. अशा वेळी धान्य, चादरी, भांडी यांसाठी लोक मोठ्या मनाने देतात. तो पैसा त्याच कामासाठी आहे, तो वेगळ्या खात्यात दाखवावा लागतो आणि उरला तरी देणगीदाराला विचारल्याशिवाय दुसरीकडे वळवता येत नाही. पण दरडग्रस्त कुटुंबाची खरी लढाई त्यानंतर सुरू होते. नवी जागा कुठे मिळणार, सातबाऱ्यावर नाव कोणाचे लागणार, विधवा सुनेचे कुटुंब स्वतंत्र मोजणार की नाही, या प्रश्नांसाठी वर्षानुवर्षे तालुक्याला जाणारा एक माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या पगाराला देणगी द्यायला कोणी उत्सुक नसते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे विषय कंपनी कायदा, 2013 च्या परिशिष्ट सातमध्ये दिले आहेत. त्यांत मानवी हक्क असा स्वतंत्र विषय नाही, आणि ज्या कामातून न्यायालयात दावा उभा राहू शकतो त्याच्या वाऱ्याला कंपन्या फारशा उभ्या राहत नाहीत.

परदेशी देणग्यांचा मार्ग 2020 च्या दुरुस्तीनंतर अरुंद झाला. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा, याखालील रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी झाली. या शेवटच्या तरतुदीचा फटका खेड्यांतील संस्थांना सर्वांत जास्त बसला, कारण मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडून येणारा लहानसा हिस्सा हाच अनेकांचा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या. अ‍ॅम्नेस्टीच्या भारतीय शाखेची बँक खाती सप्टेंबर 2020 मध्ये गोठवली गेली आणि तिने देशातील काम थांबवले. परदेशी पैसा नियम डावलून आणला असे सरकारचे म्हणणे होते, टीका केल्याची ही शिक्षा आहे असे संस्थेचे. या वादात कोण बरोबर, याबद्दल वाचकांची मते वेगळी असतील. मला त्यातून एवढे कळते की एकाच स्रोतावर उभी असलेली संस्था एका आदेशाने बंद पडते.

देणगीसोबत येणाऱ्या अटींबाबत आदराने सांगावे असे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सांगलीतील संग्राम ही संस्था देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर 1990 च्या दशकापासून काम करते. अमेरिकी सरकारच्या एड्सविषयक मदतीसोबत वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करणाऱ्या प्रतिज्ञेवर सही करण्याची अट आली, तेव्हा 2005 साली संस्थेने सही नाकारून तो निधी सोडला. ज्या स्त्रियांच्या वतीने बोलायचे त्यांच्याच विरोधातील विधानावर सही करता येत नाही, असा त्यामागील विचार होता. असा नकार देण्यासाठी नैतिक बळ तर लागतेच, पण ताळेबंदात काही महिने तग धरण्याइतका राखीव निधीही लागतो, आणि तो उभा करणे हे कोषाध्यक्षाचे काम आहे. आयकर सवलत टिकवायची तर उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम त्या वर्षी उद्दिष्टावर खर्च करावी लागते, किंवा विशिष्ट हेतू लेखी कळवून जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी साठवावी लागते. स्थायी निधीसाठी, म्हणजे मुद्दल कायम राखायच्या रकमेसाठी, देणगीदाराचे तसे लेखी पत्र लागते. या पट्ट्यातील एक धोक्याची सवय इथेच सांगतो. व्याज जास्त मिळते म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत संस्थेची ठेव ठेवली जाते. पतसंस्था ही कायद्याच्या दृष्टीने बँक नाही, न्यासाचा पैसा तिथे ठेवता येत नाही, आणि बुडाला तर विश्वस्त वैयक्तिकरीत्या अडचणीत येऊ शकतात.

मानवी हक्क संस्थेच्या व्हाउचरांचा प्रश्न इतर संस्थांना पडत नाही. मारहाण सोसलेल्या बाईला रात्री एसटीचे तिकीट काढून दिले, साक्षीदाराला तारखेसाठी दोन दिवस लॉजवर ठेवले, तर खर्चाला सही किंवा अंगठा हवा. पण त्या व्हाउचरवर तिचे नाव आणि गाव लिहिले तर फाइल हाताळणाऱ्या प्रत्येकाला ते दिसते. नाव न लिहिता खर्च टाकावा तर लेखापरीक्षक तो संशयित ठरवतो, आणि त्याचे बरोबरच आहे. आम्ही प्रत्येक प्रकरणाला क्रमांक देतो. व्हाउचरवर फक्त क्रमांक असतो, क्रमांक व नाव यांची नोंदवही कपाटात सीलबंद असते, आणि ती दोन विश्वस्तांच्या उपस्थितीतच लेखापरीक्षकांपुढे उघडली जाते. देणगीच्या बाजूला मात्र गुप्तता अजिबात नको. निनावी देणगीवर मर्यादेपलीकडे 30 टक्के कर लागतो, 2000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणाच्या पैशावर आपण बोलतो हे लोकांना कळलेच पाहिजे.

ज्या एका बाबतीत मला मनापासून राग येतो ती बाब म्हणजे मानधन. वेठबिगारीविरुद्ध आणि किमान वेतनासाठी भांडणाऱ्या संस्था स्वतःच्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला ‘मानधन’ देतात, ते अनेकदा किमान वेतनाहून कमी असते, रजेचा नियम नसतो आणि दहा कर्मचारी झाले तरी उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद ताळेबंदात दिसत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती कागदावरही नसलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. कार्यकर्त्याचा त्याग हा संस्थेच्या अंदाजपत्रकातील गृहीत धरलेला जमेचा आकडा होता कामा नये. देणगीदार प्रशासकीय खर्च कमी ठेवण्याचा आग्रह धरतात, तेव्हा त्या शीर्षात माणसाचा पगार आहे हे विश्वस्तांनी त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

विश्वस्त हे सांगत नाहीत, कारण बहुतेक ठिकाणी ते संस्थापकाचे स्नेही किंवा नातलग असतात. तळमळीच्या माणसाभोवती संस्था उभी राहते, त्याला प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटते, आणि हळूहळू सभा चहापुरती उरते. विश्वस्ताच्या नातलगाला संस्थेच्या पैशातून अवाजवी लाभ दिला तर आयकर सवलत जाऊ शकते, हा कायद्याचा भाग झाला. सवयीचा भाग त्याहून अवघड आहे. आमच्याकडे प्रत्येक तिमाहीला बँक ताळमेळ पत्रक आणि अंदाजपत्रकाशी तुलना करून काढलेला खर्च सर्व विश्वस्तांना सभेच्या आठ दिवस आधी मिळतो, आणि प्रत्येकाने निदान एक प्रश्न लेखी विचारावा असा संकेत ठरला आहे. सुरुवातीला कार्यवाहांना ते झोंबले होते, पुढे त्यांनीच प्रश्नांची उत्तरे आधी तयार ठेवण्यास सुरुवात केली.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये डीएव्ही कॉलेज प्रकरणात म्हटले की शासनाकडून भरीव आर्थिक साहाय्य घेणाऱ्या बिनसरकारी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. आम्हाला शासनाचा पैसा नाही, त्यामुळे हे बंधन आम्हाला लागू नाही. पण दर महिन्याला इतरांकडे माहितीचे अर्ज टाकणाऱ्या संस्थेने स्वतःला त्यातून वगळून घेणे मला योग्य वाटत नाही, म्हणून कोणाचाही लेखी प्रश्न आला तर पीडितांची ओळख सोडून बाकी सर्व माहिती 30 दिवसांत द्यायची, असा ठराव आम्ही केला आहे. त्याच सभेत आणखी दोन ठराव झाले. पहिला असा की वार्षिक हिशेबाचे जाहीर वाचन साताऱ्यात, तसेच ज्या तालुक्यात त्या वर्षी सर्वाधिक प्रकरणे हाताळली तिथेही करायचे, आणि संस्थेकडे मदतीसाठी आलेल्या लोकांना त्याचे निमंत्रण द्यायचे. दुसरा असा की कोणीही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त काळ विश्वस्त राहणार नाही आणि एकूण विश्वस्तांपैकी दोन जागा अशा व्यक्तींना द्यायच्या, ज्यांनी स्वतः कधीकाळी संस्थेची मदत घेतली आहे. त्यानुसार दोन स्त्रियांची निवड झाली असून, चेंज रिपोर्ट मुदतीत दाखल केलेला आहे. त्यावर अजून आदेश व्हायचा आहे.